या चुका टाळा: कोकोलिथोफोरचा नमुना बाटलीतच विरघळतो

कोकोलिथोफोर शोधायला निघालेल्या प्रत्येकाने एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवावी. या एकपेशीय वनस्पती-प्लवकाच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतीच्या, अंगावर चुना असतो. यांच्यातल्या एमिलियानिया हक्सलेयी या जातीची पेशी जेमतेम ५ मायक्रोमीटरची. ती आपल्या पोटात, गॉल्जी पिंड या पेशीतल्या भागातून निघालेल्या पिशवीत, कॅल्साइटची एकेक तबकडी घडवते आणि बाहेर ढकलून अंगावर चढवते. या तबकड्या म्हणजेच कोकोलिथ. जात ओळखायची ती यांच्यावरून. आणि चुना आम्लात विरघळतो, हे आपण शाळेतच शिकलेलो असतो. तरी दर मोसमात कुणीतरी आम्ल घातलेल्या बाटल्या घेऊन येतंच.

मागे अरबी समुद्रातल्या एका सफरीवरून काही विद्यार्थी क्रेटभर नमुने घेऊन आले. पाण्यातल्या पेशी तळाशी बसू देऊन, खालून बघणाऱ्या उलट्या मायक्रोस्कोपखाली मोजणी झाली. डायॲटम होते, डायनोफ्लॅजेलेट होते, म्हणजे प्लवकांचे इतर गट होते; कोकोलिथोफोर मात्र शून्य. अहवालात 'या पाण्यात कोकोलिथोफोर नगण्य' असं वाक्य लिहूनही झालं होतं. मी एक बाटली उघडली, तर व्हिनेगरचा भपकारा आला. नमुने टिकवायला लुगॉलचं आयोडिन वापरलं होतं, तेही ॲसेटिक ॲसिड घातलेलं. डायॲटमची सिलिकाची पेटी त्यात शाबूत राहते, कोकोलिथ विरघळून जातात. उरते ती तपकिरी, गोल, निनावी पेशी, आणि ती 'इतर फ्लॅजेलेट', म्हणजे शेपटीने पोहणारे बाकीचे एकपेशीय जीव, या रकान्यात जाते.

नशिबाने समुद्रातल्या त्याच नमुना घेण्याच्या ठिकाणी दुसऱ्या गटाने पाणी मेम्ब्रेनवर, म्हणजे बारीक छिद्रांच्या पातळ गाळणीवर, गाळून ती सुकवून ठेवली होती. त्यातला तुकडा पोलराइज्ड प्रकाशात धरला आणि काळ्या पार्श्वभूमीवर तबकड्या चमकल्या, प्रत्येकीवर काळी फुली. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मधल्या छिद्रावर तिरका पूल असलेली जेफिरोकॅप्सा ओशिॲनिका ही कोकोलिथोफोरची जात स्वच्छ दिसली. समुद्रात होती, बाटलीत नव्हती. ते वाक्य छापून आलं असतं तर पुढची कित्येक वर्षं लोकांनी ते उतरवून घेतलं असतं, याचा मला आजही राग येतो.

माझी सवय सांगते. मी द्रव नमुन्यावर विसंबतच नाही. डेकवरच साधारण लिटरभर पाणी, किनाऱ्याजवळ गढूळ असेल तर त्याहून कमी, ०.८ मायक्रोमीटरच्या पॉलिकार्बोनेट मेम्ब्रेनवर हलक्या व्हॅक्यूमने गाळते. मिठाचे स्फटिक जावेत म्हणून थेंबभर अमोनिया घातलेल्या पाण्याने पटकन धुते, ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवते आणि झाकणाच्या डबीत ठेवते. साधं डिस्टिल्ड वॉटर मुळीच नको. उघडं राहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ते आम्लधर्मी होतं. द्रव नमुना हवाच असेल तर हेक्झामिन किंवा बोरॅक्सने उदासीन केलेलं फॉर्मॅलिन वापरा. तेही पडून पडून आम्लधर्मी होतं, म्हणून अधूनमधून पीएच तपासा. 'लुगॉल एका मिनिटात होतं, गाळायला अर्धा तास जातो' हे मी फार वेळा ऐकलंय. अर्धा तास द्यायचा नसेल तर या जिवाच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी चूक प्रयोगशाळेतली नाही, लेखांतली आणि भाषणांतली आहे: 'कोकोलिथोफोर कवचात कार्बन कोंडतात, म्हणून चुना बनवणं हवामानासाठी चांगलं.' रसायन मांडून बघा. कॅल्शियमचा एक आयन आणि बायकार्बोनेटचे दोन मिळून कॅल्शियम कार्बोनेटचा एक रेणू, एक पाणी आणि एक कार्बन डायऑक्साइड तयार होतो. समुद्राच्या पाण्याची आम्लता पेलण्याची क्षमता धरली, तरी चुन्याच्या दर रेणूमागे सुमारे ०.६ रेणू कार्बन डायऑक्साइड पाण्यात मोकळा होतो. १९९१ च्या उन्हाळ्यात आइसलँडच्या दक्षिणेला सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटरवर एमिलियानियाचा बहर आला होता. तिथल्या मोजणीत हेच दिसलं: चुना बनल्यामुळे पाण्याची हवेतला वायू ओढून घेण्याची ताकद घटली होती.

म्हणून हा जीव खलनायक ठरतो का? नाही. तीच पेशी प्रकाशसंश्लेषणही करते. शिवाय कॅल्साइट जड असल्यामुळे मेलेल्या पेशी आणि त्या खाणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेच्या गोळ्या वेगाने तळाकडे जातात, आणि त्यांच्यासोबत सेंद्रिय कार्बनही खोल उतरतो. डोव्हरचे पांढरे कडे हे क्रिटेशियस काळात असाच साचलेला चुना आहेत. जमाखर्च दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. एकच बाजू सांगणाऱ्याने समीकरण पाहिलेलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीच्या थोडक्यात. उपग्रहचित्रात पाणी दुधाळ निळं दिसलं की 'बहर जोरात' लिहू नका; ती चमक बरीचशी सुट्या झालेल्या कोकोलिथची असते, आणि तोवर विषाणूंनी पेशी मारायला सुरुवात केलेली असू शकते. अरबी समुद्रातलं हिवाळी हिरवं पाणी तर नॉक्टिल्युका या वेगळ्याच प्लवकाचं, त्याचा इथे संबंध नाही. फक्त पृष्ठभागाचं पाणी घेऊन यादी पूर्ण झाली म्हणू नका. फ्लोरिस्फेरा प्रोफुंडा ही कोकोलिथोफोरची जात खालच्या अंधुक थरात राहते. नव्या आकाराची तबकडी दिसली की लगेच नवी जात जाहीर करू नका: इंग्लंडातल्या प्लिमथच्या शैवालतज्ज्ञ मेरी पार्क यांनी १९६० मध्ये दाखवून दिलं की क्रिस्टॅलोलिथस हायालिनस ही वेगळी जात नसून कोकोलिथस पेलॅजिकसच्याच जीवनचक्रातली एक अवस्था आहे. आणि वर्गातल्या खडूत कोकोलिथ शोधायला मुलांना बसवू नका, आपल्याकडचा खडू बहुधा जिप्समचा असतो.

समुद्राच्या आम्लीकरणाचा प्रयोग करताना नुसतं आम्ल ओतून पीएच उतरवू नका. त्याने पाण्यातला एकूण अजैव कार्बन वाढत नाही. समुद्रात तर हवेतून वायू मिसळून तो वाढतो आहे. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडा, वेळ लागला तरी. त्याआधी कल्चरही पोलराइज्ड प्रकाशात बघून घ्या, कारण वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत वाढवलेले एमिलियानियाचे काही वाण तबकड्या बनवणंच सोडून देतात, आणि उघड्या पेशींवर चुन्याचा प्रयोग करत बसलेले लोक मी पाहिले आहेत.