कडमक्कुडीला जायचंय? आधी शेताचं वेळापत्रक बघा

नागपूरहून केरळला जाणारे बहुतेक जण हाउसबोटीत एक रात्र काढून परततात. खाडीतली माणसं बघायची असतील तर कोचीजवळच्या कडमक्कुडी बेटांवर जा. केरळ एक्सप्रेस नागपूरला थांबते. एर्नाकुलम टाउनला उतरलं की पुढे रस्त्यानेच जाता येतं.

तारीख मात्र शाळेच्या सुट्टीपेक्षा पोक्कळी भाताकडे बघून ठरवा. हा भात निमखाऱ्या जमिनीत होतो. पावसाळ्यात मिठाचा अंश धुऊन गेला की पेरतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला कापतात. फक्त लोंब्या घेतात, बाकीचं ताट पाण्यात कुजू देतात. मग त्याच शेतात भरतीचं पाणी आत घेऊन एप्रिलपर्यंत कोळंबी वाढवतात. म्हणजे दिवाळीत गेलात तर कापणी दिसण्याची शक्यता, जानेवारीत गेलात तर कोळंबी. कोळंबीची धरपकड पाण्याच्या दारांशी ओहोटीला चालते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जास्त. कॅलेंडर बघूनच तिकीट काढा. मे महिन्यात तर जाऊच नका. आपल्याकडचा कोरडा उन्हाळा परवडला, तिथला दमट नाही.

बांधावर चढण्याआधी विचारा, कारण तो फुटला तर कुणाचं तरी पीक जातं. जाळ्याशी फोटो काढायचाय तर मासळीही तिथूनच विकत घ्या. सुटे पैसे आणि डासांचं मलम जवळ असू द्या. शाकाहारी असाल तर जेवणाचं आदल्या दिवशीच सांगा. दिवाळीच्या सुमाराला जात असाल तर आंबिया बहाराची थोडी संत्री न्या, ती प्रवासात टिकतात.