गाळा घेण्यापूर्वी विकसकाच्या माहितीपत्रकातील दोन पाने कशी तपासावीत

जिल्ह्याच्या शहरात गाळा किंवा कार्यालय विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या, डॉक्टरच्या किंवा सनदी लेखापालाच्या समोरचा विकसक बहुधा त्याच शहरातला असतो. त्याचे नाव देशभर गाजलेले नसते, पण नाशिकच्या गंगापूर रोडवर म्हणा किंवा कोल्हापूरच्या राजारामपुरीत म्हणा, त्याच्या दोन-चार इमारती रोज नजरेस पडतात आणि त्याच्या घराण्याला ओळखणारे कुणीतरी आपल्या नात्यात निघतेच. ही ओळख उपयोगी असली तरी पुरेशी नसते. अशा विकसकाच्या माहितीपत्रकात दोन पाने हमखास असतात. एकावर ‘आमचे प्रकल्प’ आणि दुसऱ्यावर ‘सामाजिक बांधिलकी’. पहिले पान आपण छायाचित्रे पाहून उलटतो आणि दुसरे आदराने वाचतो. माझ्या मते दोन्ही पाने सारख्याच संशयाने वाचावीत, कारण दोन्हींवरील बहुतेक दावे घरबसल्या आणि एखादा दिवस पायपीट करून तपासता येतात.

सुरुवात नावापासून करावी. फलकावर झळकणारे नाव आणि करारनाम्यातील ‘प्रवर्तक’ यांत पुष्कळदा फरक असतो, कारण अनेक विकसक प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळी भागीदारी संस्था किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) स्थापन करतात. यात बेकायदा काही नाही, परंतु उद्या दाद मागायची वेळ आली तर ती त्या संस्थेकडे मागावी लागते, फलकावरील नावाकडे नव्हे. म्हणून प्रवर्तकाचे पूर्ण नाव, त्याचे भागीदार आणि जमिनीच्या मालकाशी त्याचे नाते प्रथम लिहून काढावे. जमीन त्याच्या मालकीची आहे की विकास करारनामा आणि कुलमुखत्यारपत्राच्या आधारे तो बांधतो आहे, हे सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार आणि वकिलाने केलेला तीस वर्षांचा शोध अहवाल यांवरून कळते. वकिलाची फी वाचवण्याची ही जागा नव्हे.

त्यानंतर महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर जावे. रेरा कायदा केवळ सदनिकांसाठी आहे, असा गैरसमज अजूनही आढळतो. प्रत्यक्षात दुकान, कार्यालय, शोरूम आणि गोदाम यांनाही तो लागू आहे. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा एकूण गाळे आठपर्यंत असतील तर नोंदणीतून सूट मिळते. लहान व्यापारी संकुले नेमकी याच सवलतीत बसवलेली असतात आणि तिथे ग्राहकाने दुप्पट सावध असावे. नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीवर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड छापणे बंधनकारक आहे. तो मोबाइलने उघडला की प्रकल्पाचे पान समोर येते. त्या पानावर मूळ पूर्णत्वाची तारीख आणि सुधारित तारीख या दोन्ही पाहाव्यात, कारण ‘ताबा लवकरच’ या शब्दांचा खरा अर्थ त्या दोन तारखांमधील अंतरात असतो. मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, जमिनीवरील बोजा, प्रलंबित दावे आणि तिमाही अद्ययावत माहितीही तिथेच मिळते. वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल यांची प्रमाणपत्रे वेळच्या वेळी चढवलेली नसतील, तर कार्यालयीन शिस्त कशी आहे याचा अंदाज येतो.

कायद्याच्या कलम ४ नुसार नोंदणी करताना प्रवर्तकाला गेल्या पाच वर्षांत सुरू केलेल्या प्रकल्पांचा तपशील द्यावा लागतो. कोणता पूर्ण झाला, कोणता रखडला, कुठे खटला चालू आहे, हे सारे त्यात यावे लागते. माहितीपत्रकातील ‘आमचे प्रकल्प’ हे पान शेजारी ठेवून ही यादी वाचावी. छायाचित्रांत आठ इमारती आणि तपशिलात तीनच असतील, तर उरलेल्या पाच कुणाच्या, हा प्रश्न सरळ विचारावा. त्या इमारती पाच वर्षांपेक्षा जुन्या किंवा भावाच्या संस्थेच्या असू शकतील. उत्तर काहीही असो, ते सहजपणे मिळाले की चहा मागवून विषय बदलला गेला, याकडेही लक्ष असावे.

कागद झाले की पूर्ण झालेल्या इमारती पाहायला जावे. विक्री प्रतिनिधीला सोबत नेऊ नये. किमान तीन वर्षे जुनी एक इमारत निवडावी आणि तिथे दोन वेळा जावे, एकदा सकाळी अकराच्या सुमारास आणि एकदा संध्याकाळी सातला. तळमजल्यावर किती शटर उघडी आहेत आणि किती कायमची बंद आहेत, ते मोजावे. बंद शटरवर साचलेली धूळ आणि फटीत अडकलेली जुनी वीजबिले यांवरून गाळा किती काळ रिकामा आहे हे समजते. मग वीज मीटरच्या खोलीकडे जावे. तिथे गाळ्यांच्या संख्येइतकी मीटर नसतील, किंवा मीटरच्या फळीवर रिकामी जागा असेल, तर विकलेले गाळे अजून वापरात आलेले नाहीत, असे समजण्यास हरकत नाही. पहिल्या मजल्यावरील प्रसाधनगृह आणि जिन्याखालची जागा पाहावी. जिथे अग्निशमनाच्या नळाच्या पेटीत झाडू ठेवलेले असतात तिथल्या देखभालीविषयी वेगळे विचारायची गरज उरत नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत परवानाधारक संस्थेकडून घ्यावे लागते. ज्या संकुलाची देखभाल अजून विकसकाकडेच आहे, तिथे हे प्रमाणपत्र मागून पाहावे.

तिथल्या दोन-तीन गाळेधारकांशी बोलावे, शक्यतो ज्यांना पुढे गाळा विकायचा नाही अशांशी. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची परवानगी) ताब्याच्या आधी मिळाले की नंतर, गाळेधारकांची संस्था कधी स्थापन झाली, अभिहस्तांतरण (जमीन आणि इमारत त्या संस्थेच्या नावे होणे) झाले का आणि देखभालीच्या नावाने आगाऊ घेतलेल्या रकमेचा हिशेब मिळाला का, एवढे चार प्रश्न पुरतात. निम्म्यापेक्षा अधिक गाळ्यांचे बुकिंग झाल्यापासून तीन महिन्यांत संस्था स्थापन करून देणे ही प्रवर्तकाची जबाबदारी आहे. दहा वर्षे झाली तरी पार्किंगचा ताबा विकसकाच्या रखवालदाराकडे असेल, तर ती इमारत ‘पूर्ण झालेल्या प्रकल्पां’त मोजताना मी तरी हात आखडता घेईन.

वापरण्याजोग्या जागेच्या बाबतीत मी स्वतः एकदा फसलो आहे, म्हणून त्याविषयी जरा विस्ताराने लिहितो. गाळा ३०० चौरस फुटांचा आणि दर १२,००० रुपये, असे सांगितले गेले तर किंमत ३६ लाख होते. पण चटई क्षेत्र, म्हणजे गाळ्याच्या आतली प्रत्यक्ष वापराची जागा, जर १८० चौरस फूट असेल, तर खरा दर २०,००० रुपये पडतो. मधले १२० चौरस फूट म्हणजे जिना, लॉबी आणि प्रसाधनगृह यांचा वाटा, ज्याला बाजारात ‘लोडिंग’ म्हणतात. कायद्याने विक्री चटई क्षेत्रावर व्हायला हवी, तरी तोंडी बोलणी अजून जुन्याच भाषेत चालतात. म्हणून दोन प्रकल्पांची तुलना करताना एकूण किमतीला चटई क्षेत्राने भागल्याशिवाय पुढे जाऊ नये. माझ्या गाळ्यात क्षेत्रफळ बरोबर होते, परंतु दर्शनी भागापासून चार फुटांवर दीड बाय अडीच फुटांचा खांब निघाला. माहितीपत्रकातील रंगीत चित्रात तो नव्हता. मंजूर नकाशात मात्र काळा चौकोन ठसठशीत दिसत होता, आणि तो नकाशा मी उघडलाच नव्हता. काउंटर कुठे ठेवायचा, या विवंचनेत पहिला महिना गेला. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की नकाशातील काळे चौकोन मोजा, गाळ्याची दर्शनी रुंदी टेपने घ्या आणि रस्त्यापासून जोत्यापर्यंत किती पायऱ्या आहेत ते पाहा. दवाखाना थाटायचा असेल तर चार पायऱ्याही रुग्णांसाठी फार होतात.

आता ‘सामाजिक बांधिलकी’कडे वळू. या पानावरील प्रत्येक गोष्ट तीन ढिगांत वाटावी: कायद्याने करावेच लागणारे काम, मोबदला घेऊन केलेले काम आणि स्वेच्छेने केलेले काम. पहिला ढीग अपेक्षेपेक्षा मोठा निघतो. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर मनोरंजनासाठी दहा टक्के मोकळी जागा सोडणे, तोडलेल्या झाडांच्या बदल्यात नवी झाडे लावणे, मोठ्या प्रकल्पात सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभारणे आणि बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर कामगार कल्याणासाठी भरणे, ही सारी परवानगीच्या अटींतील किंवा कायद्यातील कामे आहेत. ‘आम्ही दोनशे झाडे लावली’ हे वाक्य वाचले की किती तोडली, हे विचारावे. दुसरा ढीग अधिक फसवा असतो. ‘शहराला उद्यान दिले’ किंवा ‘रस्त्यासाठी जागा दिली’ असे लिहिलेले असते, पण आरक्षित जागा महापालिकेकडे सोपवल्याबद्दल टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) किंवा वाढीव चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे जादा बांधकामाची मुभा, मिळते, आणि त्यातूनच वरचे दोन मजले चढलेले असतात. व्यवहार म्हणून तो चोख असेल, पण त्याला दान म्हणता येत नाही.

‘सीएसआर’ (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) हा शब्दही सैलपणे वापरला जातो. कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ फक्त कंपन्यांना लागू आहे, तेही निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एखादी मर्यादा गाठली असेल तरच. अशा कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते आणि त्यात आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदा सांगतो. तिचा खर्च राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर वर्षनिहाय पाहता येतो. व्यवसायाच्या जाहिरातीसाठी दिलेले प्रायोजकत्व नियमांनुसार त्यात मोडत नाही, म्हणजे गणेशोत्सवाच्या कमानीवर झळकलेले नाव हा जाहिरात खर्चच ठरतो. भागीदारी संस्थेला मात्र हे कलम लागूच नाही. त्यामुळे तिने शाळेला खोल्या बांधून दिल्या असतील तर ते खरोखर स्वेच्छेचे काम आहे आणि त्याचे श्रेय तिला मोकळेपणाने द्यावे. त्यासाठी त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना एक फोन करणे पुरते. काम एखाद्या प्रतिष्ठानामार्फत होत असेल, तर ते धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले आहे का आणि त्याचे लेखे दाखल होतात का, हेही पाहता येते.

माझ्या लेखी बांधिलकीची सर्वांत विश्वासार्ह खूण माहितीपत्रकात नसते, ती बांधकामाच्या पत्र्याच्या कुंपणाआड असते. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानुसार (त्याची जागा २०२५ मध्ये नव्या श्रमसंहितांनी घेतली) पन्नासपेक्षा अधिक महिला कामगार असतील तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली द्यावी लागत असे. संख्या त्याहून कमी असतानाही ज्याने ती सोय केली, त्याची नोंद घ्यावी. बांधकामांवर पाळणाघरे चालवण्याचे काम मोबाइल क्रेशेसने १९६९ मध्ये दिल्लीत सुरू केले, आणि पुण्यात तारा मोबाइल क्रेशेस ही संस्था असेच काम करते, म्हणजे इच्छा असलेल्या विकसकाला मार्ग शोधत बसावे लागत नाही. चालू कामावर दुपारी जेवणाच्या सुट्टीत जाऊन पाहावे. कामगारांच्या खोल्यांजवळ पाण्याची टाकी झाकलेली आहे का, स्वच्छतागृह वापरण्याजोगे आहे का आणि मुले वाळूच्या ढिगाऱ्यावर खेळत आहेत की कुठे सांभाळली जात आहेत, हे दहा मिनिटांत दिसते.

इतके समाधानकारक वाटले तरच पैसे द्यावेत, आणि नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम देऊ नये, कारण कायद्याने प्रवर्तकाला ती घेताच येत नाही. करारनाम्याच्या मसुद्यात चटई क्षेत्र, दर्शनी रुंदी, ताब्याची तारीख आणि पार्किंगचा क्रमांक शब्दांत आणि आकड्यांत आलेला असावा. विक्रीच्या वेळी सांगितलेली सामाजिक स्वरूपाची आश्वासनेही, उदाहरणार्थ संकुलाच्या आवारात ग्राहकांसाठी खुले स्वच्छतागृह, दिव्यांगांसाठी उतरण किंवा फेरीवाल्यांसाठी राखलेली जागा, परिशिष्टात लिहून मागावीत. ‘ते तर होणारच आहे, लिहायचे काय’ असे उत्तर आले, तर भाव ठरवताना ती गोष्ट तिथे नाही असेच धरून आकडा सांगावा.