कुत्री फिरवण्याचा आणि पाळीव प्राणी सांभाळण्याचा व्यवसाय कसा सुरू करावा

या व्यवसायाविषयीचे बहुतेक सल्ले नाव, जाहिरात आणि दरपत्रक यांपलीकडे जात नाहीत आणि ‘प्राण्यांची आवड असली की पुरे’ असे सांगून मोकळे होतात. अनेक वर्षे हे काम केल्यावर मला हा सल्ला घातक वाटतो. आवड गृहीतच धरावी. खरी कसोटी लागते ती मालक घरी नसताना त्याच्या दाराचे कुलूप आपण प्रथमच उघडतो त्या दिवशी.

प्रारंभीची कामे लवकर उरकतात. पायी पोहोचता येईल एवढाच परिसर निवडावा, नोंदणी व विम्याचे आपल्या भागातील नियम पाहून घ्यावेत आणि दर ठरवताना जाण्यायेण्याचा वेळही कामातच धरावा. प्रत्येक प्राण्याचे माहितीपत्रक भरून घ्यावे. त्यात रेबीजसह सर्व लसींच्या तारखा, चालू औषधे, प्राणी कशाला घाबरतो, पूर्वी कुणाला चावला आहे का आणि पशुवैद्याचा दूरध्वनी क्रमांक एवढे तरी असावे. मालकाशी संपर्क न झाल्यास उपचार करवून घेण्याची लेखी संमती याच कागदावर, स्वाक्षरीसह घ्यावी.

आता त्या पहिल्या एकट्या भेटीविषयी. मालकासमोर माझ्या मांडीवर डोके ठेवून बसलेला एक कुत्रा दुसऱ्या दिवशी मी एकटी आत गेले तेव्हा दाराशी वाट अडवून उभा राहिला. मी त्याला चुचकारत, हातातला खाऊ पुढे करत सरळ त्याच्याकडे चालत गेले आणि दोरी अडकवण्यासाठी वाकले, तोच त्याने माझ्या मनगटाचा चावा घेतला. दोष त्याचा नव्हता. त्याने आधी मान फिरवली होती, ओठ चाटले होते, अंग ताठ केले होते. शेपूट हलते आहे एवढेच पाहून मी त्याला मैत्री समजले. उंच, ताठ धरून हलणारी शेपूट आनंदाची खूण नसते, हे मला त्या दिवशी कळले. काल पाहुणी म्हणून आलेली व्यक्ती आज मालकाशिवाय घरात शिरते, तेव्हा कुत्र्याच्या लेखी ती घुसखोरच असते.

त्यानंतर मी तीन भेटींशिवाय कोणतेही काम घेतलेले नाही. पहिल्या भेटीत केवळ ओळख होते. दुसऱ्या भेटीत मालक सोबत चालतो, मात्र दोरी माझ्या हाती असते. तिसऱ्या भेटीत मालकाने घराबाहेर, कुत्र्याच्या नजरेआड थांबायचे आणि मी किल्लीने दार उघडून एकटीने आत जायचे. ‘आमचा कुत्रा कुणाला काही करत नाही’ असे म्हणून मालक नेमकी हीच भेट टाळू पाहतात. त्यांचे ऐकू नये, आणि आग्रह धरूनही ते तयार नसतील तर ते काम सोडून द्यावे. आत गेल्यावर दार बंद करून कुत्र्याला पाठमोरे नव्हे, पण अंग थोडे तिरके ठेवून उभे राहावे, डोळ्याला डोळा भिडवू नये, हात पुढे करू नये आणि खाऊ हातातून न देता जमिनीवर थोडा दूर टाकावा. तो आपणहून जवळ येऊन हुंगेपर्यंत थांबावे, मग त्यात दहा मिनिटे गेली तरी चालतील. दोरी अडकवताना हात डोक्यावरून न नेता छातीच्या बाजूने न्यावा. तो गुरगुरला तर ओरडू नये; गुरगुरणे ही त्याने दिलेली सूचना आहे, तेव्हा मागे सरून मालकाला बोलवावे.

उंबरठ्यावरही तितकेच सावध राहावे लागते. घाबरलेला कुत्रा उलट पावली ओढ घेऊन सैल गळपट्ट्यातून मान काढून घेतो. गळपट्टा आणि मान यांमध्ये दोन बोटे जातील एवढीच जागा ठेवावी, नव्या कुत्र्याला हार्नेसही (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा) घालावा आणि दोरी दोन्हींना जोडल्यावरच दार उघडावे. आपोआप गुंडाळणारी लांब दोरी मी वापरत नाही, कारण कुत्रा दूर धावत गेला की तिच्यावर ताबा राहत नाही.

प्रत्यक्ष फिरवणे त्यामानाने सोपे असते. उन्हात रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर कुत्र्याला त्यावरून नेऊ नये, चपट्या नाकाच्या जातींना उष्म्यात विशेष जपावे, आणि अनेक कुत्री एकत्र फिरवून जास्त कमावण्याचा मोह निदान पहिल्या वर्षी तरी टाळावा.

घरी राहून सांभाळताना जेवणाच्या वेळा व प्रमाण मालकाचेच पाळावे. चॉकलेट, द्राक्षे, मनुका आणि कांदा कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नये. मांजर पहिला दिवसभर लपून बसले तर ओढून बाहेर काढू नये, मात्र त्याचे खाणे आणि मातीची पेटी रोज तपासावी. बोका पेटीत पुन्हापुन्हा जाऊन कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर मालक परत येण्याची वाट न पाहता स्वाक्षरी केलेले ते माहितीपत्रक घेऊन त्याच घटकेला पशुवैद्य गाठावा.