बेसमेंटला ओल आली, तर आधी छत्री घेऊन बाहेर जा

न्यू जर्सीत घर घ्यायला निघालेल्या आपल्या मंडळींचे मला फोन येतात. शाळा, ट्रेन, टॅक्स, सगळ्याची चौकशी करून झालेली असते. बेसमेंटबद्दल मात्र एवढंच सांगतात, "फिनिश्ड आहे हो ताई, गणपतीला पन्नास माणसं सहज बसतील." मी विचारते, खाली उतरल्यावर वास कसा होता? बहुतेकांनी वास घेतलेलाच नसतो. नवा रंग, नवं कार्पेट, कोपऱ्यात सुगंधी मेणबत्ती, एवढं पाहून ते वर आलेले असतात.

मी चिपळूणची. पाण्याची ओळख मला इथे येऊन करून घ्यावी लागली नाही. पण आपलं घर जोत्यावर असतं. पाणी आलं तर दारातून येतं आणि येताना दिसतं. इथे सात-आठ फूट खड्डा खणून त्यात घराची काँक्रीटची पेटी बसवलेली असते आणि चारी बाजूंनी माती तिला चिकटलेली असते. ती माती भिजली की पाणी भिंतीवर रेटा देतं, जोडांतून आणि फरशीखालून वाट काढतं. आपल्याला ओल म्हटलं की गच्ची आठवते, आणि गच्चीवर थर मारला की काम झालं ही सवय घेऊनच आपण येतो. गच्चीवर पाणी त्या थराला खाली दाबत असतं. बेसमेंटमध्ये तुम्ही आतून लावलेल्या थराला ते मागून ढकलत असतं. म्हणून तो सुटतो.

आम्ही हे चुकूनच शिकलो. आमचं घर एडिसनला, जुनं, पोकळ सिमेंट ब्लॉकच्या भिंतींचं. पहिल्याच एप्रिलमध्ये बर्फ वितळत असताना दोन दिवस पाऊस लागला आणि सकाळी कार्पेटवर पाय ठेवला तर मोज्यातून गार पाणी लागलं. भिंतीच्या खालच्या दोन रांगांवर पांढरी पूड फुलली होती. पाणी भिंतीतून येताना आतले क्षार बाहेर आणतं आणि सुकताना इथेच सोडून जातं, ती ही पूड. आम्ही ती घासून काढली आणि वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारले. पुढच्या वसंतात रंगाला लिंबाएवढे फोड आले. एक फोड बोटानं दाबला तर आतून पाण्याची धार लागली.

मग एका कंपनीचा माणूस येऊन पाच आकडी खर्च सांगून गेला. आजच सही केलीत तर सूट, असंही म्हणाला. त्या वेळी माझे वडील इथे आले होते. पुढच्या पावसात ते छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "अगं, पन्हळीचं सगळं पाणी भिंतीच्या मुळाशी पडतंय आणि तुम्ही आतून भिंत रंगवत बसलात." जन्मभर पागोळ्यांचं पाणी अंगणाबाहेर काढणाऱ्या माणसाला ते एका फेरीत दिसलं.

मला जे सांगायचंय ते हेच. तुमच्या बेसमेंटमधलं पाणी बहुतेक वेळा तुमच्याच छपरावरचं असतं. १,००० चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला की सुमारे ६२० गॅलन, म्हणजे २,३०० लिटरांच्या वर पाणी होतं. पानांनी गटर, म्हणजे छपराच्या कडेची पन्हळ, तुंबलं किंवा खाली उतरणारा पाइप भिंतीशीच संपला, तर ते सगळं तुमच्या पायाशी मुरतं. म्हणून पहिला खर्च इथे करा. गटर वर्षातून दोनदा साफ करा, त्यातली एक वेळ पानगळ संपल्यावरची. उतरत्या पाइपांना निदान सहा फुटांची जोड द्या, दहा फूट जमलं तर उत्तम, पण पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जाता कामा नये. घरालगतची जमीन पहिल्या दहा फुटांत सहा इंच तरी उतरती हवी. वर्षानुवर्षं माती बसत जाते आणि उतार उलटा घराकडे होतो. भर घालताना चिकणमाती घाला, लाकडाचा भुसा नको, तो पाणी धरून ठेवतो. साइडिंगच्या, म्हणजे भिंतीला बाहेरून लावलेल्या आवरणाच्या, खाली सहा इंच भिंत उघडी राहू द्या, नाहीतर वाळवीला वाट मिळते. बेसमेंटच्या खिडक्यांबाहेरच्या खड्ड्यांवर झाकणं बसवा. आमच्या घरी एवढ्यानं तीन भिंती कोरड्या झाल्या.

चौथी झाली नाही. तिथे जमिनीतलं पाणीच वर येत होतं, आणि त्याला आतल्या ड्रेनशिवाय इलाज नव्हता. भिंतीलगत फरशीची पट्टी फोडतात, खडी आणि भोकांचा पाइप घालतात आणि पाणी एका खड्ड्यात आणून सम्प पंपानं बाहेर फेकतात. पोकळ ब्लॉक असतील तर तळाच्या रांगेला भोकं पाडून आत साचलेलं पाणीही त्याच पाइपात सोडतात. बाहेरून पूर्ण खणून भिंतीला पाणी अडवणारा पडदा लावणं हा खरा वॉटरप्रूफिंगचा मार्ग, पण तो बराच महाग पडतो. ओतीव काँक्रीटच्या भिंतीत एखादीच उभी भेग गळत असेल तर पॉलियुरेथेन भरून भागतं. ब्लॉकच्या भिंतीत मधोमध आडवी भेग असेल किंवा भिंत आत फुगली असेल, तर वॉटरप्रूफिंगवाल्याला नको, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्याला तुम्हाला पंप विकायचा नसतो.

पंप बसवला म्हणजे निश्चिंत झालो, असं आम्हालाही वाटलं होतं. २०११ च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळ आलं, लाईट गेले आणि पंप गप्प झाला. जोराचा पाऊस आणि लाईट जाणं इथे हातात हात घालून येतात. बॅटरीवर चालणारा दुसरा पंप पहिल्या दिवशीच बसवा. दर तीन महिन्यांनी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून तरंगणारा खटका वर येतो का, पंप सुरू होतो का, हे पाहा. बाहेर जाणारा पाइप थंडीत गोठत नाही ना, तेही पाहा. हे पाणी घराच्या सांडपाण्याच्या लाईनला जोडू नका, बहुतेक गावांत त्याला मनाई आहे.

२०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. सहा आठवडेही झाले नव्हते आणि १ सप्टेंबरला आयडा वादळाचा पाऊस इथे कोसळला. नेवार्कला एका दिवसात जवळपास साडेआठ इंच. न्यूयॉर्क शहरात बेसमेंटमधल्या खोल्यांत राहणारी अकरा माणसं गेली. विद्यार्थी म्हणून किंवा पहिल्या नोकरीत स्वस्त म्हणून बेसमेंट भाड्यानं घेणाऱ्या मुलामुलींनो, बाहेर पडायला दुसरी वाट नसेल, खिडकीतून माणूस निघत नसेल, तर ती जागा घेऊ नका. पाणी भरायला लागलं की सामान सोडा आणि वर या. पाणी प्लगपर्यंत पोचलं असेल तर त्यात पाय घालू नका. पाणी ओसरल्यावर भरलेलं बेसमेंट घाईनं उपसू नका. बाहेरची माती अजून भिजलेली असते, आतला आधार एकदम काढला तर भिंत आत कोसळू शकते. दिवसाला फूटभर, एवढंच.

प्रत्येक ओल झिरप नसते. जुलैत भिंत ओलसर लागली तर दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेप लावून एक-दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या मागे आले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतली वाफ गार भिंतीवर पाणी होऊन बसतेय. आपला संस्कार असा की कुबट वास आला की खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा. इथल्या उन्हाळ्यात त्यानं ओल वाढते. बाहेरची गरम दमट हवा गार बेसमेंटमध्ये शिरली की भिंतींना घाम फुटतो. खिडक्या बंद ठेवा, डीह्युमिडिफायर लावा, त्याची नळी सम्पच्या खड्ड्यात सोडा आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा.

बेसमेंटऐवजी क्रॉल स्पेस असेल, म्हणजे घराखाली रांगत जाण्याएवढी पोकळी, तर तिथेही हेच तत्त्व. उघड्या मातीतून सतत वाफ वर येते आणि तुळया कुजतात. मातीवर निदान ६ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचं प्लास्टिक अंथरा, जोडांवर फूटभर एकावर एक घेऊन टेप लावा, कडा भिंतीवर चढवा. झरोके बंद करायचे तर आधी माहीतगाराला विचारा. खाली गॅसचं उपकरण असेल किंवा घर पूररेषेत असेल, तर ते परस्पर बंद करायचे नसतात. खाली उतरलाच आहात तर रेडॉनचीही तपासणी करून घ्या. हा वायू जमिनीतून येतो, त्याला वास नसतो आणि तो फुप्फुसाच्या कॅन्सरला कारण ठरतो. आकडा हवेच्या लिटरमागे ४ पिकोक्युरी (रेडॉन मोजायचं एकक) किंवा वर आला तर त्याची वेगळी व्यवस्था करावी लागते.

कागदपत्रांचं थोडक्यात. २० मार्च २०२४ पासून न्यू जर्सीत घर विकणाऱ्याला पुराबद्दल माहीत असलेलं लेखी सांगावं लागतं, घरमालकाला भाडेकरूलाही. तो कागद मागून घ्या आणि वाचा. ठेकेदार राज्याकडे नोंदलेला आहे का ते तपासा. ५०० डॉलरच्या वरचं काम लेखी करारानंच होतं आणि सही केल्यावर तीन कामकाजी दिवसांत तो रद्द करता येतो. 'आजच सही करा' म्हणणाऱ्यासमोर हे लक्षात ठेवा. घराच्या साध्या विम्यात पूर बसत नाही. सरकारी पूरविमा साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो, म्हणजे वादळाची बातमी ऐकून काढलेला उपयोगाचा नाही. त्यातही बेसमेंटमधली घर तापवणारी भट्टी, गीझर, विजेचं पॅनेल धरतात, कार्पेट आणि सामान धरत नाहीत. पंप बंद पडून पाणी आलं तर त्यासाठी घराच्या विम्यावर 'वॉटर बॅकअप'ची जोड वेगळी घ्यावी लागते.

घर घेतल्यावर पहिलं वर्ष बेसमेंट फिनिश करू नका. एक अख्खा वसंत आणि एक वादळांचा मोसम जाऊ द्या, प्रत्येक मोठ्या पावसात खाली उतरून चारी कोपरे हातानं चाचपून पाहा. जिप्समच्या बोर्डाचा कागद भिजला की एक-दोन दिवसांत बुरशी धरायला लागते, आणि भिंत झाकलेली असली की तुम्हाला ती दिसत नाही. तोवर मखर, आईनं पाठवलेल्या कुरडयांचे डबे, मुलांची पुस्तकं, सगळं प्लास्टिकच्या डब्यांत घालून जमिनीपासून फूटभर उंच फळीवर ठेवा.