हातच्याची वजाबाकी शिकवताना या चुका टाळा

दुसरी-तिसरीच्या वह्यांत 52 − 27 = 35 हे उत्तर वारंवार दिसतं. आपण फुली मारतो, शेजारी 25 लिहून देतो आणि पुढची वही उघडतो. पहिली चूक इथेच होते. 35 हे उत्तर अंदाजपंचे आलेलं नाही. ‘2 मधून 7 जात नाहीत, मग 7 मधून 2 घालवू’ असा विचार करून मुलाने 5 लिहिले. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, हा नियम त्याचा त्यानेच बनवलाय. फुलीने तो पुसला जात नाही; उद्या 64 − 38 चं उत्तर 34 येईल. म्हणून आधी विचारा, “हे कसं काढलंस, सांग बरं.” उत्तर बरोबर असेल तेव्हाही हे विचारायचं. नाहीतर ‘कसं’ म्हटलं की आपलं चुकलंच, असं समजून मुलं उत्तर खोडायला लागतात.

“शेजाऱ्याकडून एक घे” हा मंत्र तर सगळीकडे ऐकू येतो. एक घेतला, मग 2 चे 12 कसे झाले? येतो तो एक दशक, म्हणजे दहा सुटे, आणि हे हाताने केल्याशिवाय उमगत नाही. दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलाला द्या आणि 27 काड्या मागा. दोन गठ्ठे लगेच येतात, सात सुट्या देताना हात अडतो. या क्षणी मोठ्यांना राहवत नाही, पण कृपा करून गप्प बसा. थोडा वेळ मिळाला की बरीच मुलं आपणहून एका गठ्ठ्याचं रबर काढतात. तसं झालं की तिथल्या तिथे वहीत 5 खोडून 4 आणि 2 च्या जागी 12 लिहायला सांगा. आज काड्या आणि लेखी उदाहरणं पुढच्या आठवड्यात, असं केलं तर दोन्हींचा संबंध जुळत नाही.

कधी गोंधळ वजाबाकीच्याही आधीचा असतो. ‘बावन्न’ ऐकून 25 लिहिणाऱ्या मुलाला कानावर एकक आधी पडतो. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ अशा वाचनाची जोड दिली, तेव्हा मोठा वाद झाला. मंगला नारळीकर तेव्हा गणित समितीच्या प्रमुख होत्या. माझ्या मते ती जोड मोलाची आहे. बावन्न तर शिकवायचेच, पण सोबत ‘पाच दशक दोन’ म्हणवून घ्यायला काय हरकत आहे?

शाब्दिक उदाहरणांत ‘जास्त म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी’ अशा खुणा देऊ नका. ‘मीनाकडे 15 चिंचोके आहेत, ते राजूपेक्षा 6 ने जास्त आहेत, राजूकडे किती?’ खुणेवर चालणारं मूल 21 लिहितं. चित्र काढणारं मूल 9 वर पोचतं.

आणि एकाच रीतीचा हट्ट नको. 503 − 268 मध्ये मधल्या शून्यापाशी मुलं हमखास अडखळतात. त्यांना दुकानदार सुटे परत देतो तसं पुढे मोजू द्या: 268 ला 2 मिळवले की 270, आणखी 30 की 300, मग 200 की 500, वर 3. मिळून 235. उभ्या मांडणीत उत्तर 365 आलं असेल, तर दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा आणि कोणतं बरोबर, हे मुलालाच 268 मिळवून ठरवू द्या.