पावसाळ्यात एमटीबी (डोंगरवाटांची सायकल) न्यायचीय? रेनकोट राहू दे, आधी टायर आणि ब्रेक पॅड बघा

जून लागला की दोन-तीन जण हमखास विचारतात, नवीन एमटीबी घेतलीय, पावसात ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात न्यायचीय, रेनकोट कुठला घेऊ? मी म्हणतो रेनकोटाचं नंतर बघू, टायर कुठले आहेत ते सांग. ठाण्याचा पाऊस दहा मिनिटांत बनियनपर्यंत पोचतो, त्यामुळे कोरडं राहायचा नाद केलात तर पैसे नको तिथे जातात.

आपल्याकडे खाली काळा खडक आणि वर मुरूम-माती. चार सरी पडल्या की ती माती टायरला चिकटायला लागते. बाइकसोबत येणाऱ्या टायरचे नॉब्स, म्हणजे वरचे रबरी उंचवटे, बहुतेक वेळा बुटके आणि दाटीवाटीने असतात, दोन वळणांत त्यांच्या फटी भरतात आणि टायरचा डिंकाचा लाडू होतो, मग ग्रिप विसरा. म्हणून नॉब्स उंच आणि एकमेकांपासून लांब असलेला टायर बघा, म्हणजे फिरताना चिखल आपोआप उडून जातो. पण एकदम खिळ्यासारखे नॉब्स असलेले मड टायर घेऊ नका, ते खोल मऊ चिखलासाठी असतात, आपल्या खडकावर ते नॉब्स वाकतात आणि बाइक डुलते. बजेट एकाच टायरचं असेल तर पुढचा बदला, २.३ किंवा २.४ इंच रुंदीचा, रबर मऊ. मागचं चाक सरकलं तर सावरता येतं हो, पुढचं सरकलं की थेट खांद्यावर. घेण्याआधी फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांमध्ये, टायरच्या दोन्ही बाजूंना आणि वर जागा किती उरते ते बघा, बोट आरामात फिरलं पाहिजे, नाहीतर चिखल अडकून चाकच जाम होतं.

हवा कमी ठेवा. माझं वजन ७२ किलो, ट्यूब असताना पुढे २७ आणि मागे ३० पीएसआय ठेवायचो, त्याच्या खाली गेलो की दगडाच्या कडेवर ट्यूब चिमटून शेजारी शेजारी दोन भोकं पडायची. ट्यूबलेस केल्यापासून २२ आणि २५ वर चालतं. फक्त आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, आपल्या उकाड्यात सुकतं, दोन-तीन महिन्यांनी बघत जा. आणि शेवाळलेल्या खडकावर मात्र कुठलाच टायर काम करत नाही, तिथे ब्रेक नाही, वळण नाही, सरळ जायचं, जमत नसेल तर उतरा की, त्यात लाज कसली.

आता ब्रेक. मागच्या वर्षी जुलैत नवी मुंबईत खारघर हिलवरून उतरत होतो, अर्ध्या उतारावर मागचा लीव्हर पार हँडलला टेकायला लागला. आधी वाटलं तेल गळतंय, खाली येऊन बघतो तर पॅडचं मटेरियल संपून नुसती लोखंडी पट्टी रोटरवर (चाकाला लावलेल्या ब्रेकच्या चकतीवर) घासत होती. सकाळी निघताना बघायचा कंटाळा केला होता, बाकी काही नाही. रेझिन म्हणजे मऊ मटेरियलचे पॅड शांत असतात, पहिल्या बोटाला धरतात, पण मुरुमाचं पाणी म्हणजे पॉलिश पेपरच, भराभर खातं त्यांना. पावसाळ्यापुरते सिंटर्ड म्हणजे मेटलचे पॅड टाका, ओले झाले की केकाटतात पण टिकतात. एक गोष्ट मात्र नक्की तपासा, स्वस्त बाइकच्या रोटरवर बारीक अक्षरात ‘रेझिन पॅड ओन्ली’ लिहिलेलं असतं, तसं असेल तर मेटल पॅड रोटरच खातील, मग रोटरही बदलावा लागेल. नवीन पॅड टाकले की सोसायटीच्या रस्त्यावर थोडा स्पीड घेऊन पंधरा-वीस वेळा कचकचून ब्रेक मारा, चाक लॉक न करता, तेव्हा कुठे ते बसतात. जाडी बघायला चाक काढून मोबाइलचा टॉर्च मारा, मटेरियल अर्ध्या मिलिमीटरवर आलं असेल तर त्या दिवशी राइड कॅन्सल.

चेनला वेट ल्यूब म्हणजे पावसाळी वंगण, प्रत्येक कडीला एक थेंब, मग फडक्याने पुसून घ्यायचं. स्प्रे नको, रोटरवर उडाला तर पॅड गेलेच. पुढचा मडगार्ड विकत घ्यायची गरजच नाही, जुन्या प्लास्टिक फाइलचं कव्हर कापा आणि केबल टायने फोर्कला बांधा, डोळ्यांत चिखल येत नाही. गॉगल पारदर्शक काचेचा, झाडीत काळ्या काचेतून काही दिसत नाही.

आणि कपडे. जाड वॉटरप्रूफ जॅकेट घालून चढ चढून बघा, बाहेरून पाऊस आणि आतून घाम, उकडलेल्या मोदकासारखे व्हाल. पातळ पॉलिस्टरचा टीशर्ट आणि खिशात मावणारा विंडचीटर पुरे, तो उतारावर आणि चहाला थांबल्यावर घालायचा. कॉटन अजिबात नको, जीन्स तर नकोच. खरा त्रास ओल्याने होत नाही, घासल्याने होतो, म्हणून पॅडवाली शॉर्ट चांगली घ्या, आत अंडरवेअर घालायची नाही आणि मांडीला व्हॅसलीन लावायचं. शॉर्ट दोन घ्या, कारण जुलैत कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि ओलसर शॉर्ट घातली की पुरळ ठरलेलं. हातमोजे पूर्ण बोटांचे, गुडघ्याला पॅड. शूज मऊ सपाट सोलचे आणि पेडल पिनवालं (वर बारीक खिळे असलेलं), गोल स्टड असलेले फुटबॉलचे शूज घालून येणारे बघितलेत मी, ते पेडलवरून कसे सटकतात तेही बघितलंय.

खरचटलं तर घरी येईपर्यंत थांबू नका, बाटलीतल्या पाण्याने तिथेच धुवा, पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाची, भीती असते, चिखलातून आल्यावर ताप आला तर डॉक्टरला चिखलाचं सांगा. आणि येऊरचं जंगल संजय गांधी उद्यानात येतं, वनखात्याने बंद केलेल्या वाटेवर घुसू नका, खारघरच्या पांडवकडा धबधब्याला बंदी असेल तर तिकडेही नाही.

घरी आल्यावर प्रेशर वॉशर नको, त्याचं पाणी बेअरिंगमध्ये घुसतं. बादली, मग, भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश बास. शूजमध्ये कालचा पेपर कोंबा. शेवटी सीटपोस्ट काढून सायकल उलटी करा, फ्रेममध्ये पाणी साचतं. माझ्या फ्रेममधून एकदा अर्धा ग्लास तपकिरी पाणी निघालं, नुकत्याच पुसलेल्या पॅसेजमध्ये, आणि वॉचमन काका समोरच उभे होते.