पीसी सारखा हँग होतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

कॉम्प्युटर हँग व्हायला लागला की सल्ला ठरलेला: "फॉरमॅट मारून टाक." माझ्या डेस्कटॉपला दुकानात दोनदा फॉरमॅट मारून झालं, तरी पुन्हा तेच रडगाणं. शेवटी दोष निघाला हार्ड डिस्कच्या साटा केबलमध्ये, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या वायरीत. तेव्हापासून आधी बॅकअप घेतो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर पीसी कशामुळे सुधारला ते कळत नाही.

पहिली पायरी स्क्रू न काढता. पीसी गोठला की कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर सिस्टीम आतून जिवंत आहे. डिस्कवर किंवा ग्राफिक्सवर संशय घ्या. दिवा ढिम्म असेल तर रॅम, उष्णता किंवा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). हा पक्का पुरावा नव्हे, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं. हँग होताना कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा अखंड लागून राहतो का, तेही बघा.

आता उष्णता. गेम किंवा व्हिडिओ सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांत गोठत असेल तर आधी तापमान मोजा. 'एचडब्ल्यूमॉनिटर' फुकट मिळतं. कामाच्या भारात ८०–८५ अंशांपर्यंत चालतं. बहुतेक आधुनिक प्रोसेसर ९५–१०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात. काहीच चालू नसताना आकडा ८०च्या वर असेल, तर बहुधा प्रोसेसरवरचा कूलर नीट बसलेला नाही किंवा त्या दोघांमधली थर्मल पेस्ट वाळली आहे. धूळ रंगाच्या ब्रशने काढा, पंख्याचं पातं बोटाने धरून. जुनी पेस्ट पुसून हरभऱ्याच्या दाण्याएवढी नवी लावा. चार पिनांचा कूलर असेल तर तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या पिना जोडीने दाबा. प्रत्येकीचा 'टक' आवाज आला पाहिजे. एक जरी अर्धवट राहिली तरी कूलर तिरपा बसतो.

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार निघते ती रॅम. वायर काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेला करंट जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि मग रॅम काढा. सोनेरी पट्ट्या पेन्सिलच्या स्वच्छ खोडरबराने हलक्या हाताने घासा, चुरा झटका, दोन्ही टोकांना समान दाब देऊन बसवा. तरीही हँग होत असेल आणि रॅमच्या दोन पट्ट्या असतील, तर एकेक लावून चालवा. तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये ठीक चालली तर दोष स्लॉटचा. दोन्हीकडे अडली तर पट्टीचा. रात्रभर रॅम तपासणारं 'मेमटेस्ट८६' लावून ठेवा. सकाळी एक जरी एरर दिसली तरी रॅमवर विश्वास ठेवू नका. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) रॅमचा वेग वाढवणारं 'एक्सएमपी' चालू असेल तर ते आधी बंद करून पुन्हा तपासा, उगाच चांगली रॅम फेकाल.

डिस्कसाठी तिची तब्येत दाखवणारं 'क्रिस्टलडिस्कइन्फो' सॉफ्टवेअर उघडा. 'करंट पेंडिंग सेक्टर' (डिस्कवरचे नीट वाचता न आलेले भाग) शून्याहून जास्त असेल तर डेटा लगेच हलवा. 'सीआरसी एरर'चा (डेटा केबलमधून जाताना झालेल्या चुकांचा) आकडा वाढतच असेल तर डिस्कला दोष देऊ नका, केबल बदला. माझी गंमत इथेच उलगडली होती.

एसएमपीएस उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक चार्ज राहतो. मल्टीमीटर वापरता येत असेल तर पीसी चालू ठेवून पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६ व्होल्ट मिळतात का बघा. नाहीतर ओळखीच्याचा चांगला एसएमपीएस एक दिवस मागून लावा. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घरातलं आर्थिंग आधी वायरमनला दाखवा.

हे सगळं करूनही गोठत असेल तर बहुधा मदरबोर्ड उरतो. प्रोसेसरच्या सॉकेटजवळचे (तो बसतो त्या खाचेजवळचे) छोट्या नळकांड्यांसारखे कपॅसिटर वरून फुगलेत का ते टॉर्च लावून बघा. मात्र बोर्ड बदलण्याआधी तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटचा बोर्ड बाजारात मिळतो का ते विचारा. जुना असेल तर बहुधा सेकंडहँडच मिळेल, आणि तो दुकानात चालू करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.